फोर्ट सोडताना

शुक्रवार, रात्री उशिरा

सर्व्हर बंद केला. सोमवारी सकाळी तो बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) आमच्या नव्या ऑफिसात सुरू व्हायला हवा. खोक्यांवर विभाग, मजला, टेबलाचा क्रमांक लिहून झालाय. इंटरनेटची जोडणी आम्ही जागा नक्की होताच मागवली होती. खुर्च्या दुपारभरात पोचतात, लाइन यायला आठवडे लागतात. जीएसटी नोंदणीतला पत्ता बदलण्यासाठी १५ दिवसांत अर्ज करावा लागतो, तोही तयार आहे.

खरी काळजी माणसांची. महिनाभर माझ्या डोक्यात मुंबईच्या हिरेबाजाराचं असंच स्थलांतर घोळतंय. भारत डायमंड बोर्स हे हिरेबाजाराचं संकुल २०१० मध्ये बीकेसीत सुरू झालं, तरी कितीतरी व्यापारी जुन्या जागी, ऑपेरा हाउसलाच राहिले. दलाल तिथे, हिरे-पैसे पोचवणारे अंगडिये तिथे, रस्त्यावर उभ्याउभ्या होणारे सौदे तिथे. जुलै २०११ मध्ये तिथे झालेल्या बॉम्बस्फोटानंतर मग स्थलांतराने वेग घेतला. इमारत तयार होणं आणि बाजार हलणं यांत एवढं अंतर असतं!

आमची डोंबिवली-बदलापूरची मंडळी सीएसएमटीला उतरून चालत यायची. आता कुर्ल्याला उतरायचं आणि शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं. म्हणून कामाची वेळ मागेपुढे करण्याची मुभा मी हट्टाने मागून घेतली. नव्या फर्निचरपेक्षा मला ती मोलाची वाटते.

खालच्या चहावाल्या काकांचा हिशेब आज सगळ्यांनी चुकता केला. स्थलांतराच्या कुठल्याच यादीत त्यांचं नाव नसतं, हे मला फार बोचतं. आमच्या जागेत नवं ऑफिस येतंय; त्या ऑफिसच्या मॅनेजरशी उद्या काकांची गाठ घालून देणार आहे.