गिंझातली दहा खुर्च्यांची पंगत

टोकियोच्या गिंझा भागात सुशीची काही दुकानं जेमतेम दहा खुर्च्यांची. फळीपलीकडे आचारी उभा. काय वाढायचं ते तोच ठरवणार. याला म्हणतात ओमाकासे. आम्ही गेलो तिथे अत्तर लावून यायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, उशीर तर मुळीच नाही! सोया भाताला नव्हे, माशाला लावायचा. घास समोर आला की लगेच तोंडात, कारण भात कोमट असतो, तो निवतो. हे मात्र पटलं. गरम पोळी पानात पडून राहिली की आपण नाही का ओरडत? पण जाऊबाईंना कच्ची मासळी घशाखाली उतरेना. शिजवलेलं काही मागितलं तर नकार, अन् पैसे पूर्ण! ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. हिरवा चहा तेवढा हवा तितका. जाऊबाईंनी चार पेले रिचवले.