लष्कराच्या भाकऱ्या आणि बायोडेटा

आपल्याकडे ‘बायोडेटा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक लग्नाचा आणि दुसरा नोकरीचा. लग्नाच्या बायोडेटात मामाचं गाव, रास, नाडी, उंची सगळं येतं. नोकरीच्या बायोडेटात काय यावं आणि काय येऊ नये यावर मात प्रत्येक घरात वेगळं मत असतं. गेल्या दिवाळीत आमच्या घरात यावर चांगलाच खल झाला. निमित्त होतं माझ्या भाच्याचं.

भाचा इथल्याच सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. झाला. निकाल लागला त्याच सुमारास त्याच्या आईचं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचं, मोठं ऑपरेशन झालं. जिजाजींची नोकरी फिरतीची, त्यामुळे घरी कोणीतरी थांबणं भाग होतं. हा थांबला. औषधं, ड्रेसिंग, फिजिओथेरपीच्या फेऱ्या, स्वयंपाकाच्या बाईंच्या सुट्ट्या, सगळं त्यानं सांभाळलं. चौदा महिने गेले. ताई आता व्यवस्थित चालतेफिरते. पण बायोडेटात चौदा महिन्यांची मोकळी जागा राहिली, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तिथेच येतो.

त्या मोकळ्या जागेत तो एक काम करत होता. तसं ते कॉलेजपासून चालू होतंच. रात्री आई झोपली की तो मराठी विकिपीडिया उघडून बसायचा. लेख लिहायचा कमी, राखण जास्त. तिथे ‘अलीकडील बदल’ नावाचं पान आहे. कोणी कुठल्या लेखात काय बदललं ते तिथे क्षणाक्षणाला दिसतं. कोणी तालुक्याच्या लेखात स्वतःच्या दुकानाचा फोन नंबर टाकतं, कोणी नटाच्या लेखात शिव्या लिहितं, कोणी संतांच्या जन्मगावावरून भांडण उकरून काढतं. ते बदल तपासायचे, खोटं असेल ते उलटवायचं, नवख्या माणसाला ‘संदर्भ द्या’ म्हणून समजावायचं आणि दोघं हट्टाला पेटले तर चर्चा पानावर त्यांना शांत करायचं. पैसे शून्य. प्रमाणपत्रही नाही.

त्यानं मला विचारलं, “मावशी, हे लिहू की नको?”

मला विचारायचं कारण असं की मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एका मध्यम आकाराच्या कारखान्यात बावीस वर्षं एचआर सांभाळते. किती बायोडेटा डोळ्यांखालून गेले त्याचा हिशोब नाही. जिजाजींचं मत मात्र ठरलेलं होतं. “अजिबात लिहू नकोस. लोक म्हणतील, रिकामटेकडा होता. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या हे काय छापून सांगायचं असतं?”

जिजाजींचा राग मला कळतो. त्यांच्या पिढीत नोकरी म्हणजे पगार, आणि पगार नाही ते काम नाही. पण मंडळी, जरा आजूबाजूला बघा. आपल्यातल्या कितीतरी जणांनी कॉलेजात एनएसएस केलं. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत दोन वर्षांत २४० तास सेवा आणि सात दिवसांचं शिबिर केलं की प्रमाणपत्र मिळतं. ते आपण बायोडेटात बिनदिक्कत लिहितो. त्याचेही पैसे मिळालेले नसतात. मग फरक कशात आहे? एकाला शिक्का आहे, दुसऱ्याला नाही, एवढाच.

दुसरं उदाहरण आपल्या घरचंच. २०१८ च्या फेब्रुवारीत ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या बडोद्यात भरलं. लक्ष्मीकांत देशमुख अध्यक्ष होते. याआधी १९०९, १९२१ आणि १९३४ साली संमेलन इथे भरलं होतं, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांनी हा मान परत आला. तीन दिवस आपली तरुण मुलं नोंदणीच्या टेबलावर, भोजनाच्या रांगेत, पाहुण्यांच्या गाड्यांमागे धावत होती. त्यातल्या किती जणांनी ते पुढे बायोडेटात लिहिलं? मी ओळखीच्या पाच-सहा जणांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच: “त्यात काय लिहायचं?” हजारो माणसांच्या गर्दीत जेवणाची रांग न मोडू देणं हे ज्याला जमलं, त्याला डिस्पॅच विभागात उभं करायला मला एक मिनिटही लागणार नाही. पण मला ते कळायला तर हवं!

तेव्हा भाच्याला मी सांगितलं, लिही. मात्र कसं लिहायचं ते जास्त महत्त्वाचं आहे.

पहिली गोष्ट, नुसतं पद लिहून भागत नाही. आमच्याकडे बायोडेटा वाचणाऱ्या दहातल्या आठ जणांना विकिपीडियाचा संपादक म्हणजे काय ते माहीत नसतं. त्यांना वाटतं, ते कुठलीतरी कंपनी लिहीत असेल. म्हणून पदाऐवजी काम लिहायचं. आठवड्याला किती तास, किती वर्षं, नेमकं काय. आम्ही दोघांनी बसून चार ओळी तयार केल्या: “मराठी विकिपीडियावर स्वयंसेवक संपादक, चार वर्षं, आठवड्याला सुमारे ६ तास. नवीन बदलांची तपासणी. जाहिराती व संदर्भहीन मजकूर काढणे. नव्या सदस्यांना मार्गदर्शन आणि वादांत मध्यस्थी.” बस्स. अनुभवाच्या रकान्यात नाही, ‘स्वयंसेवी काम’ असा वेगळा मथळा देऊन.

दुसरी गोष्ट, नाही ते पद लावायचं नाही. मराठी विकिपीडियावर ‘प्रचालक’ असतात. त्यांना पान वगळायचा, पान सुरक्षित करायचा, उपद्रवी सदस्याला रोखायचा अधिकार असतो. असे प्रचालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. भाचा त्यांच्यातला नाही. ‘ॲडमिन’ लिहिलं तर भारदस्त दिसलं असतं, पण तिथे कोणाला कुठले अधिकार आहेत याची नोंद जगाला उघडी असते. बायोडेटातली इतर वाक्यं तपासायला मला फोन करावे लागतात, हे वाक्य बसल्या जागी तपासता येतं. खरं लिहिणाऱ्याच्या ते फायद्याचंच आहे.

तिसरी गोष्ट, कुठल्या नोकरीसाठी अर्ज करतोय ते बघायचं. ग्राहक तक्रारी, खरेदी विभाग, ऑडिट, कागदपत्रांची तपासणी अशा कामांना या ओळी उपयोगी पडतात, कारण तिथे चिडलेल्या माणसाशी न चिडता बोलायचं असतं आणि पुरावा मागायचा असतो. सीएनसी मशीन चालवायच्या जागेला अर्ज असेल तर एक ओळ पुरे.

आणि ते चौदा महिने? ते लपवायचे नाहीत. “आईच्या आजारपणामुळे घरी” एवढं सरळ लिहायचं. खरं सांगायचं तर भाच्याचं सगळ्यात मोठं बिनपगारी काम तेच होतं. मुलगी घरी राहिली असती तर कोणी विचारलंही नसतं, मुलगा राहिला म्हणून सगळ्यांना प्रश्न पडतो.

इथवर सगळं सोपं होतं. अडलं ते सदस्यनावावर.

विकिपीडियावर बहुतेक जण टोपणनावानं काम करतात. भाच्याचंही तसंच. ते नाव बायोडेटात दिलं की त्याचा प्रत्येक बदल, प्रत्येक वाद, रात्री दोन वाजता कोणाला काय उत्तर दिलं ते, मालकाच्या हातात. त्यात जातीवरून झालेले वाद आहेत, इतिहासावरून झालेले आहेत. हे घाबरण्यासारखं आहे का? २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेनं विकिपीडियावरच्या स्वतःबद्दलच्या लेखावरून दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला, तेव्हा तीन संपादकांची ओळख द्या असा आदेश निघाला होता. २०२५ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांबद्दलच्या विकिपीडियावरील मजकुरावरून महाराष्ट्र सायबर पोलिसांनी काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. त्या प्रकरणांत कोण बरोबर, कोण चूक हा इथे विषय नाही. पण पगार न घेता केलेल्या कामालाही जबाबदारी चिकटते, हे मुलांना माहीत असलं पाहिजे. आणि मावशी म्हणून मला एचआरची टोपी काढून ठेवावी लागली. मी म्हटलं, “नाव द्यायचं की नाही हे तू ठरव. मी नाही ठरवणार.”

त्यानं ठरवलं ते असं: बायोडेटात काम लिहायचं, सदस्यनाव नाही. मुलाखतीत कोणी विचारलंच तर समोर लॅपटॉपवर उघडून दाखवायचं, कागदावर ठेवून यायचं नाही. मला ते पटलं. घराचा पत्ता सांगणं वेगळं आणि किल्ली देणं वेगळं.

पुढे काय झालं तेही सांगते. एका ठिकाणी साहेबांनी ती ओळ वाचली आणि खूश होऊन म्हणाले, “अरे वा! मग आमच्या कंपनीचं पान बनवून दे. मस्त लिही, आणि कोणी काही वाईट लिहिलं तर काढत जा.” भाच्यानं शांतपणे सांगितलं की पैसे किंवा पगार घेऊन तिथे लिहायचं तर ते उघडपणे जाहीर करावं लागतं, २०१४ पासून तसा नियमच आहे, आणि वाईट पण खरं असेल तर ते काढता येत नाही. साहेबांचा चेहरा उतरला. तिथून पुन्हा फोन आला नाही.

जिजाजी म्हणाले, “बघ, नसतं लिहिलं तर नोकरी लागली असती.” मला मात्र वेगळं वाटलं. ज्या ठिकाणी पहिल्याच दिवशी खरं ते पुसायला सांगतात, तिथे सहा महिन्यांनी स्टॉकच्या रजिस्टरमध्ये काय पुसायला सांगतील? त्या ओळीनं मुलाखत घेणाऱ्यांचीही मुलाखत घेतली.

दुसऱ्या ठिकाणी, हालोलच्या एका कारखान्यात, विभागप्रमुख बाईंनी विचारलं, “समोरचा माणूस शिव्या देतोय आणि मुद्दा मात्र त्याचा बरोबर आहे, तर तू काय करतोस?” भाच्यानं सांगितलं, शिव्यांबद्दल त्याला ताकीद देतो आणि मुद्दा लेखात घेतो. त्यावर वीस मिनिटं बोलणं झालं. तो आता तिथे ग्राहक तक्रार विभागात आहे. त्या चार ओळींमुळेच नोकरी लागली असं मी म्हणणार नाही. त्याचं टॅली चांगलं आहे, गुजराती-मराठी-हिंदी तिन्ही भाषा सफाईनं बोलतो. पण त्या ओळींमुळे बोलायला विषय मिळाला, आणि चौदा महिन्यांची जागा मोकळी नव्हती हे दिसलं.

जाता जाता एक विनंती, मुलांना नाही, आपल्या मंडळांना. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदे संस्थानात गावोगावी वाचनालयं निघाली, त्यासाठी १९१० साली विल्यम बोर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल इथे आले होते. गावानं जेवढी वर्गणी जमवायची, तेवढीच भर जिल्ह्याची पंचायत आणि सरकार घालायचं, अशी पद्धत होती. म्हणजे लोकांनी आपणहून काय केलं ते आधी मोजायचं आणि त्यावर पुढचं उभारायचं. आपणही ते करू शकतो. गणेशोत्सवाचा हिशोब ठेवणारी मुलगी, वाचनालयात शनिवारी बसणारा मुलगा, या अंकाचं मुद्रितशोधन करणारे दोघं, मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर दीडशे काका-काकूंना भांडू न देणारी ती बिचारी सेक्रेटरी, या सगळ्यांना वर्षाच्या शेवटी मंडळाच्या लेटरहेडवर चार ओळींचं पत्र द्या. शाल आणि नारळ नको. किती तास, कोणतं काम, काय जबाबदारी, एवढंच लिहा आणि अध्यक्षांची सही करा. खर्च एका कागदाचा. आमच्यासारख्या बायोडेटा वाचणाऱ्यांना त्या कागदाचा केवढा उपयोग होतो ते मी खात्रीनं सांगते.

आणि मुलांनो, लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या असतील तर लाजू नका. किती भाजल्या आणि त्यातल्या करपल्या किती, ते मात्र खरं लिहा.