कड्यावरचे म्युरेन

म्युरेनला मोटार जात नाही. स्वित्झर्लंडमधल्या या गावाची आमच्या सौभाग्यवतींना सर्वांत आधी आवडलेली गोष्ट हीच. लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यातून तारेवरच्या पाळण्याने ग्र्युट्शआल्पला चढायचे आणि तिथून छोट्याशा आगगाडीने कड्याच्या काठाकाठाने पाव तास जायचे. ही गाडी १८९१ सालापासून धावते आहे. २०२४ च्या डिसेंबरात श्टेखेलबर्गहून थेट कडा चढणारा नवा पाळणाही सुरू झाला. पण ज्याला बोरघाट रेल्वेने चढायची हौस आहे, त्याने आगगाडीच धरावी.

गाव १,६३८ मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर चारएकशे माणसांनी बिऱ्हाड थाटावे, तसा प्रकार! समोर, दरीपलीकडे, आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ. राक्षस आणि कुमारी यांच्यामध्ये जोगी उभा आहे, असे इकडे गमतीने सांगतात. गावात उन्हाने काळवंडलेली लाकडी घरे, तुळईवर कोरलेले साल आणि वळचणीखाली खिडकीपर्यंत रचलेले सरपण. आया पोरांना घसरगाडीवर बसवून दोरीने ओढत बाजारहाटाला निघतात.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजीबाई मोडक्या इंग्रजीत पण भरपूर बोलत. त्यांच्या आजोबांच्या काळी हिवाळा म्हणजे गोठ्यातल्या गाईंना साठवलेले गवत घालायचे आणि दिवस मोजायचे. आगगाडीसुद्धा बंद. १९१०-११ च्या हिवाळ्यात हेन्री लन नावाच्या इंग्रजाने ती चालू ठेवायला लावली आणि लोक बर्फावर घसरायला येऊ लागले. त्याचा मुलगा आर्नोल्ड लन १८८८ साली मद्रासेत जन्मलेला. मद्रासच्या उन्हात जन्मलेल्या या गृहस्थाने १९२२ मध्ये इथे रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी उतरण्याची शर्यत भरवली, आणि १९२४ मध्ये स्कीवाल्यांचा क्लब काढला. क्लबाचे नाव ‘कंदाहार’!

“कंदाहार तुमच्याच बाजूला ना?” आजीबाईंनी विचारले. मग मी सांगितले, १८८० साली जनरल रॉबर्ट्स काबूलहून कंदाहारवर चालून गेला, पुढे लॉर्ड झाल्यावर ते नाव त्याने किताबात घेतले आणि १९११ मध्ये स्कीच्या शर्यतीला एक चषक दिला. हिंदी पलटणी ऑगस्टच्या उन्हात रखडल्या, नि नाव येऊन बसले बर्फावर.

शिकवणीचा पहिला दिवस बूट चढवण्यातच गेला म्हणा ना. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पट्ट्यांची टोके जवळ आणून शेपट्या फाकवायला शिकवले. त्याने वेग आवरतो. मग म्हणाले, “आता दरीकडे झुका.” शहाणा माणूस डोंगराकडे झुकतो, पण तसे केले की पट्ट्या पायाखालून निसटतात आणि आपण बसतो. मी चार वेळा बसलो. घरचा जिना कठडा धरून उतरणारी आमची ही मात्र दरीकडे सरळ झुकली आणि तीस-चाळीस हात उतरून, वळून, उभी राहिली. वर पाहून हसलीसुद्धा नाही. पुन्हा पाळीला जाऊन उभी राहिली.

तिसऱ्या रात्री पाऊस आला. छपरावरच्या त्या आवाजाने आम्हाला कोकणातल्यासारखी गाढ झोप लागली असती. पण खालच्या खोलीत दिवा जळत होता. आजीबाई खिडकीशी बसल्या होत्या. समोरची तीन घरे बंद. मालक वर्षातून दोन आठवडे येतात. अशी घरे फार वाढू लागली, म्हणून २०१२ साली साऱ्या देशाने मते देऊन त्यांना गावागणिक शेकडा वीसची मर्यादा घातली. पण आजीबाईंचे दोन्ही मुलगे त्याआधीच नोकरीसाठी खाली गेलेले. वरच्या दोन खोल्या पाहुण्यांनी भरल्या, तरच त्यांचा हिवाळा निघतो. आणि पाहुणे बर्फासाठी येतात.

सकाळी शिकाऊंच्या उतारावर गवताचे तपकिरी ठिगळ दिसू लागले. पाण्याचे तुषार उडवून बर्फ करणारी यंत्रे कडेला गप्प उभी होती. थंडी शून्याखाली गेल्याशिवाय त्यांचे काही चालत नाही. मास्तर म्हणाले, “आज वर जाऊ, शिल्टहॉर्नच्या बाजूला बर्फ आहे.” पट्ट्या खांद्यावर टाकून आम्ही निघालो.

आजीबाई दारात आल्या. “तुमच्याकडे पाऊस किती दिवस असतो?”

“चार महिने,” मी म्हणालो.

“आमचाही घेऊन जा,” त्या म्हणाल्या, आणि पायरीवरचे पाणी झाडू लागल्या.