चार दिवसांचा आराम

मगरिबची नमाज आटोपून मी वह्या तपासायला बसले होते. नववीतला धाकटा मोबाईल घेऊन शेजारी येऊन टेकला. "अम्मी, एकोणनव्वद रुपये देतेस? बिजलीचा थकवा घालवायचाय."

बिजली म्हणजे त्याच्या मोबाईलमधली घोडी. शर्यतीच्या घोड्यांचा हा खेळ घरात आला तेव्हा आधी मी स्वतः उघडून पाहिला होता. पैज लावायची सोय असती तर त्याच दिवशी काढून टाकला असता. तसं काही निघालं नाही. तबेला सांभाळायचा, चंदी द्यायची, कोणत्या शर्यतीला कोणता घोडा न्यायचा ते ठरवायचं. गोम एवढीच, की शर्यती वेगवेगळ्या शहरांत असतात आणि ट्रकच्या प्रवासात घोड्याचा जोम उतरतो. आदल्या दिवशी पोचवला तर थकलेला धावतो, आठवडाभर आधी पोचवला तर मधली एखादी शर्यत हुकते. गृहपाठावर कधी तारीख न घालणाऱ्या या मुलाने त्यासाठी वहीत चक्क वेळापत्रक आखलं होतं!

त्या दिवशी बिजली लांबून आली होती. पडद्यावर चार दिवसांचा आराम दिसत होता आणि शर्यत दोन दिवसांवर. ८९ रुपये भरले की थकवा शून्य.

"दे ना, अम्मी. ट्रकमध्ये ती नुसती उभीच तर होती."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. अब्बांच्या तोंडून.

अब्बा घोटीत टांगा चालवायचे. १९९१ साली आमची म्हातारी घोडी गेली. तेव्हा त्यांनी उसनेपासने करून सारंगखेड्याची वाट धरली. तापीकाठच्या या गावात दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यात घोड्यांचा मोठा बाजार. तिथून त्यांनी एक कुमैत घोडी घेतली. घोटी तिथून अडीचशे किलोमीटरच्या वर. मिरचीची पोती घेऊन मुंबईकडे निघालेला ट्रक स्वस्तात मिळाला. पोत्यांच्या मागे घोडी, तिच्याजवळ अब्बा. चावू नये, बसू नये म्हणून तिचं डोकं वर आवळून बांधलेलं. फजरच्या सुमाराला ती आमच्या दारात उतरली. मी सहावीत होते. मी बादली पुढे केली, तिने नुसतं हुंगलं.

हप्ता आठवड्याचा होता. तिसऱ्या दिवशी अब्बांनी तिला टांग्याला जुंपली. अम्मी म्हणाली, अजून खोकतेय, राहू द्या. त्यावर अब्बा म्हणाले, "ट्रकमध्ये नुसती उभीच तर होती." नवव्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं भरली होती. कर्ज चार वर्षं फिटत राहिलं. त्या चार वर्षांत माझ्या थोरल्या बहिणीची शाळा सुटली ती सुटलीच. मी शिकले, बी.एड. केलं, ती अजून कधी माझ्या शाळेत आली तर वर्गाच्या दारातच थांबते.

अब्बांचं काय चुकलं हे मला फार उशिरा समजलं. घोडा ट्रकमध्ये नुसता उभा नसतो. प्रत्येक वळणाला, प्रत्येक ब्रेकला तो चारी पायांवर तोल सावरत असतो. त्याच्यासाठी तेही कामच. त्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, सगळा भार नाकावर. श्वासनळीत गेलेली धूळ बाहेर काढायला त्याला मान खाली घालावी लागते. रात्रभर मान वर बांधली तर घाण आतच राहते, आणि ताप कधी कधी दोन-तीन दिवसांनी दिसतो. त्यात मिरचीची धूळ! अनोळखी पाणी घोडे लवकर पीत नाहीत, म्हणून जाणकार माणसं सवयीचं पाणी सोबत नेतात.

प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ सालचे नियम पुढे वाचनात आले. ट्रकमध्ये दोन घोड्यांच्या मधे किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू, पायाखाली न घसरणारं अंथरूण, सोबत एक माणूस, वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त नाही. घोड्याचं तोंड डाव्या बाजूला हवं, म्हणजे उजवीकडून जाणाऱ्या गाड्यांना तो बुजत नाही. हे ज्याने लिहिलं त्याने घोड्याच्या जागी उभं राहून पाहिलं असावं.

यातलं थोडंसं मी धाकट्याला सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न, "खरे शर्यतीचे घोडेही असे फिरतात?" फिरतात तर. पावसाळ्यात पुण्याला शर्यती, हिवाळा लागला की मुंबईत महालक्ष्मीला. दरवर्षी घोडे बोरघाट उतरतात आणि परत चढतात. महालक्ष्मीचं मैदान १८८३ सालचं. त्याआधी शर्यती भायखळ्याला व्हायच्या आणि अरबी घोडे आखातातून जहाजाने मुंबईला यायचे. समुद्रावरचे ते दिवस घोड्यांनी कसे काढले असतील, हे मी कुठल्या पुस्तकात शोधलेलं नाही. धाडस होत नाही. मग त्याला सहीह बुखारीतली रिवायत सांगितली. पैगंबर साहेबांनी घोड्यांची शर्यत लावली तेव्हा तयार केलेल्या घोड्यांना लांबचं अंतर दिलं आणि तयारी नसलेल्यांना जवळचं. सगळ्यांना एकाच रेषेवर उभं केलं नाही. हे त्याला फार आवडलं. वर्गाच्या सहामाहीलाही असंच करा म्हणाला.

एकोणनव्वद रुपये मी दिले नाहीत. रक्कम मोठी नव्हती. पण आराम विकत घेऊन पुसून टाकता येतो हे त्याने माझ्या घरात शिकावं, हे मला सहन होईना. तो रुसला, जेवताना बोलला नाही. नानांची घोडी मेली हे त्याला माहीत होतं. का मेली, हे आजवर त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते मी रात्री दिवा मालवल्यावर सांगितलं. बराच वेळ तो गप्प होता. मग अंधारातून आवाज आला, "खालाची शाळा त्याच्यामुळे सुटली?"

दुसऱ्या दिवशी वहीत त्या शर्यतीवर काट मारलेली होती. पुढे नवी तारीख, आणि तिच्या आधी चार रिकाम्या चौकटी. पहिल्या चौकटीत त्याने पेन्सिलने लिहिलं होतं, 'मान मोकळी.' खेळात तसं काही करायची सोयच नाही, हे मी त्याला म्हटलं नाही.