ऑगस्टमध्ये गाडी कुठे होती?

१ डिसेंबर २०२४, रविवार

भाच्याचा मॉन्ट्रियलहून फोन. तिकडे आजपासून गाडीला बर्फाचे टायर हवेतच. क्वीबेक प्रांताचा कायदा आहे, १ डिसेंबर ते १५ मार्च. त्याला जुनी, पण चालवताना मजा येईल अशी गाडी घ्यायची आहे आणि ती तिथल्या हिवाळ्यात टिकायला हवी. दोन गाड्यांमध्ये अडकलाय. एक सुबारूची डब्ल्यूआरएक्स, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. दुसरी फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय, पुढच्या दोनच चाकांना. "मावशी, तू फिजिक्स शिकवतेस, तूच सांग."

सांगितलं. चारही चाकं ओढणारी असली की गाडी बर्फातून जागची हलते चांगली, चढही चढते. पण थांबताना ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना लागतात, तिथे सुबारूचा काही वशिला नाही. तिथे कामाला येतं ते टायरचं रबर. साधं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि रस्ता धरत नाही. बर्फाच्या टायरचं मऊ राहतं. हात आखडता असेल तर पैसे आधी टायरवर घाल, मग गाडीवर.

"आणि तुमच्याकडे कशी आहे थंडी?" म्हणाला. बडोद्यात आज सकाळी स्वेटर घालावा की नुसता हातावर घ्यावा, एवढीच.

गाडी आम्हालाही घ्यायचीय. ऑगस्टच्या पुरात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमची गाडी सोसायटीच्या बेसमेंटमध्ये टपापर्यंत पाण्यात होती. विमा कंपनीने टोटल लॉस धरला, पैसे दिले, गाडी उचलून नेली. तेव्हापासून घरात एक ॲक्टिव्हा आणि दोन मतं.

३ डिसेंबर, मंगळवार

दोन मतं अशी. नवऱ्याला उंच, ऑटोमॅटिक, पांढरी गाडी हवी. मला वळणारी हवी. मी प्रीमियर पद्मिनीवर शिकले, जिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला होता आणि जी वळवायला दंड लागत. त्यानंतर आयुष्यभर कुटुंबाच्या सोयीच्या गाड्या चालवल्या. आता लेक पुण्यात, सासूबाईंना रिक्षाच आवडते. सोय कोणाची पाहायची?

नवऱ्याची पहिली नोकरी हालोलची, जनरल मोटर्समध्ये. तिथे १९९६ पासून ओपेल ॲस्ट्रा बनायची, पुढे कोर्सा. कारखाना २०१७ मध्ये बंद पडला, आता तिथे एमजीच्या गाड्या बनतात. ओपेलचं नाव काढलं की तो हळवा होतो, म्हणून यादी करताना मी काढलंच. काम झालं. यादी मान्य: पोलो जीटी टीएसआय, बलेनो आरएस, फोर्ड फिगोची दीड लिटरची डिझेल, आणि माझ्या हट्टापायी अबार्थ पुंटो.

८ डिसेंबर, रविवार

पोलो पाहिली. जुन्या पादरा रोडकडे एका दलालाच्या आवारात. लाल, जीजे-०६, २०१५ ची. सात गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी. बसल्याबरोबर हात आपोआप बरोबर जागी गेले. दार लावलं तर तो प्रसिद्ध भरीव आवाज. दलाल म्हणाला, "बेन, एकदम टनाटन छे. पाणीमां नथी गई."

मी पाण्याचं काही विचारलंच नव्हतं.

आत मोगऱ्याचा वास इतका, की लग्नाच्या हॉलमध्ये आल्यासारखं वाटलं. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. रोज बांधतो तेवढा पट्टा सगळेच धुतात. गुंडाळीच्या तळाशी जो राहतो तो कोणी धूत नाही. तिथे मातकट रेघ होती, सरळ, पट्टीने ओढल्यासारखी. दलालाने तो पट्टा माझ्या हातातून हळूच सोडवला आणि आत जाऊ दिला. "कलर फेड थई गयो छे." भाव साडेतीन लाख. पंधरा मिनिटांत तीन लाख झाला, आम्ही मागितलेलं नसताना.

येताना दोघंही गप्प. मग नवरा म्हणाला, "आपलीही कुठेतरी अशीच उभी असेल." असणारच. विमा कंपनी बुडालेली गाडी भंगारात घालत नाही, बोलीवर विकते. घेणारा ती धुतो, वाळवतो, सीटला नवी कव्हरं शिवतो. नंबर तोच, कागद खरे. डिसेंबरात तर ती छान चालतेही. आमच्या गाडीत गणपतीचा स्टिकर होता, तो तेवढा खरवडला असेल.

१० डिसेंबर, मंगळवार

अबार्थ सुरतेत आहे. १४५ अश्वशक्ती, विंचवाचं बोधचिन्ह. फियाटने इथल्या गाड्या बनवणं थांबवून पाच वर्षं होऊन गेली. एक बंपर फुटला तर देशभर फोन करत बसावं लागेल. गेलो नाही. फोटो मात्र ठेवलाय.

१५ डिसेंबर, रविवार

पाणीगेटच्या गॅरेजवाल्या चाचांकडे. नवऱ्याच्या वडिलांची स्कूटर त्यांनी पाहिलेली, म्हणून गाडी घेण्याआधी त्यांचा हात लागतोच. चहा मागवला आणि न विचारता शिकवणी सुरू. बुडालेली गाडी ओळखायची तर इंजिन शेवटी बघायचं. आधी डिकीतली स्टेपनी उचला, तिच्या खड्ड्यात गाळ बसतो. सीट ज्या रुळांवर सरकते त्यांचे स्क्रू बघा, गंज चढलाय का. पायाखालच्या गालिच्याच्या आत जाड फोम असतो. वरून कोरडा लागला तरी अंगठा दाबून धरा, ओल वर येते. फ्यूजच्या डब्यातल्या पिना हिरव्या झाल्यात का.

आणि एअरबॅगचा दिवा. एअरबॅगचा मेंदू बहुतेक गाड्यांत गिअरच्या दांड्यापाशी खाली जमिनीलगत बसवलेला असतो, म्हणजे पाण्यात आधी तोच जातो. चावी फिरवली की दिवा लागून विझायला हवा. लागलाच नाही तर बल्ब काढलेला. इंजिन ऑइलच्या दिव्याबरोबर विझला तर दोन्हीच्या वायरी एकत्र जोडल्यात. हे ऐकून मी वहीच काढली.

डिझेलला घाबरू नका, पण पाण्यात सुरू करू नका, म्हणाले. हे मला वर्गात शिकवायला आवडेल असं प्रकरण आहे. हवा दाबली जाते, पाणी जात नाही. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरलं आणि पिस्टन वर आला, की जागा मिळत नाही म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा पेट्रोलपेक्षा कमी, त्यामुळे तिथे थोडं पाणीही पुरतं. आमच्या सोसायटीत पाणी ओसरल्यावर बऱ्याच जणांनी "बघू तरी लागते का" म्हणून चावी फिरवली होती. बुडून वाचल्या असत्या अशा गाड्या त्या एका वळशात गेल्या.

भाच्याला हे सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर: तिथे रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून तो गाडीच्या पोटाखाली आडवा होऊन गंज शोधतोय. शून्याखाली दहा अंश.

२१ डिसेंबर, शनिवार

फिगो. मांजलपूरची, २०१७ ची, राखाडी, डिझेल. विकणारे एक निवृत्त इंजिनिअर, दलाल मध्ये नाही. साणंदच्या कारखान्यातली, म्हणजे इथून दोन-अडीच तासांवर जन्मलेली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, कारखाना पुढे टाटांकडे गेला, म्हणून या गाड्यांचा भाव पडला. सुटे भाग आणि सर्व्हिस चालू आहे. चांगली गाडी आणि घाबरलेला बाजार, गिऱ्हाइकाला आणखी काय हवं?

मी थेट विचारलं, ऑगस्टमध्ये गाडी कुठे होती? गृहस्थांना राग आला नाही. उठले, फोन आणला, फोटो दाखवला. २७ ऑगस्ट, उड्डाणपुलाच्या कठड्याला लागून गाड्यांची रांग, त्यात ही. नदीची पातळी टीव्हीवर दाखवायला लागले तेव्हाच नेऊन ठेवली, म्हणाले, आणि तीन दिवस रोज पायी जाऊन बघून आलो. २०१९ च्या ३१ जुलैला चोवीस तासांत वीसेक इंच कोसळला, तेव्हाही ती वरच होती, दुसऱ्या पुलावर.

बेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ. स्टेपनीखाली एक वाळकं आसोपालवाचं पान. एअरबॅगचा दिवा लागला, एकटाच विझला. टायर मात्र गाडीबरोबर आलेले, कडेवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं ते २०१७ चंच. नक्षी पुष्कळ शिल्लक होती, पण रबरात नख रुतत नव्हतं. मॉन्ट्रियलला थंडी रबर कडक करते, इथे ऊन.

२२ डिसेंबर, रविवार

सकाळी सात वाजता चालवून बघितली. वेळ मुद्दाम मागितली होती. रात्रभर थंड पडलेलं डिझेल इंजिन खोटं बोलत नाही. अर्ध्या वळशात लागली, थोडी खडखडली, धूर नाही.

मालक शेजारी, नवरा मागे, आणि डभोई, बोडेली करत जांबुघोड्याचा रस्ता धरला. बोडेलीपर्यंत रस्ता सरळ, कपाशीचे टेम्पो. जंगल लागलं की तो वळायला लागतो, साग आणि महुडा दोन्ही बाजूंना. १०० अश्वशक्ती कागदावर फार नाही, पण गाडी लहान आणि जोर खालूनच मिळतो. तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना ती पाठीला ढकलते. अंदाजाने स्टिअरिंग फिरवलं तेवढीच वळते, कमी नाही, जास्त नाही. गिअर खटकन पडतो. पोलोच्या दाराचा आवाज मी विसरले. एका वळणावर मालक म्हणाले, "आप तो बहुत अच्छा चलाती हैं," आणि डॅशबोर्ड धरून ठेवला. मागून नवऱ्याने पाणी मागितलं.

एक्सप्रेसवेवर ही मजा नसते. तिथे कुठलीही गाडी चांगली वाटते, म्हणून दलाल नेहमी तिथेच नेतात.

तीन लाख चाळीस मागितले, टायरचे पैसे वजा करून तीन वीसला ठरलं. त्यांच्या घरी उंधियू खाऊनच सोडलं.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

दर्जीपुऱ्याला आरटीओ. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. कर्ज कधी नव्हतंच, म्हणून ३५ ची कटकट नाही. जीजे-०६ मधलीच, म्हणून दुसऱ्या जिल्ह्याचा दाखला नको. दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त डिझेल गाड्यांचा मोह होता नवऱ्याला, तिथे दहा वर्षांनंतर डिझेल चालत नव्हतं म्हणून त्या इकडे येत होत्या. कर, दाखले आणि ने-आण धरली तर स्वस्ताई वाटेतच संपते.

विमा चौदा दिवसांत नावावर करायचा. नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा. इंजिनात पाणी शिरलं तर भरपाई देणारं जे वेगळं कलम असतं ते एजंटने सात वर्षांच्या गाडीला नाही म्हणून सांगितलं. ज्या गाडीला गरज ती वयात बसत नाही. बडोद्यात विमा विकणाऱ्यांना पूर माहीत असतो, आपल्यापेक्षा जास्त.

१४ जानेवारी, मंगळवार

उत्तरायण. गच्चीवर कान फुटतील एवढी गाणी. गाडी आज बाहेर नाही, मांज्याने आरसे आणि वायपर गुंडाळून ठेवतात पोरं.

भाच्याने गोल्फ घेतली. सुबारू होती चांगली, पण तिच्या पोटाखाली गंजाचे पापुद्रे निघत होते; गोल्फचा पहिला मालक दर हिवाळ्याआधी खाली तेलाचा लेप मारून घ्यायचा, पावत्यांसकट. उरलेल्या पैशांत बर्फाचे चार टायर वेगळ्या रिमवर. काल रात्री सोळा अंश उणे होतं आणि ती एका हाकेत लागली, असा व्हिडिओ आलाय. आमची अकरा अंशांत लागली, तो व्हिडिओ मी पाठवला.

नवे टायर मेमध्ये, पाऊस यायच्या आधी. आत्ता घालून उन्हाळ्यात का भाजायचे? नवऱ्याने मात्र पुलाचा विषय आत्ताच काढलाय. फत्तेगंजचा जवळ, पण तिथे लवकर भरतं म्हणे. त्याने सोसायटीतल्या दोघांशी बोलून ठेवलंय, नदीची पातळी वीस फूट झाली की एकाने पुढे जाऊन जागा धरायची.