लाळेची किंमत
(द्वितीय वर्ष, कला)

मराठीने लाळेला कधी मान दिला नाही. लाळ घोटणारा माणूस लोचट, आणि दुसऱ्याची थुंकी झेलणारा त्याहून हलका. शेतकऱ्याच्या घरात लाळ म्हटले की आधी लाळ्या-खुरकूत आठवतो आणि त्या साथीत दावणीला मान टाकून बसलेला बैल. तान्ह्या मुलाची लाळ तेवढी आपण गोड मानतो, तिच्यासाठी लाळेरे शिवतो. अशा या पदार्थावर मी महाविद्यालयाच्या वार्षिकात लिहायला बसले आहे. ज्यांना नाक मुरडायचे असेल त्यांनी खुशाल पुढच्या पानावरच्या कविता वाचाव्यात. पण ज्यांच्या घरी एखादे लहान मूल वर्षानुवर्षे गोळ्या खात आहे, त्यांनी जरा थांबावे.

माझा धाकटा भाऊ आठ वर्षांचा आहे. शाळेच्या हजेरीपटात त्याला चांगले नाव आहे, पण घरात तो बारक्याच. चार वर्षांचा असताना एका सकाळी त्याचे डोळे उघडेनात, इतक्या पापण्या सुजल्या. आजी म्हणाली, गांधीलमाशी चावली असेल. दोन दिवसांत पाय सुजले, मग पोट. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, नेफ्रॉटिक सिंड्रोम. मूत्रपिंडाची चाळणी सैल होते, रक्तातले प्रथिन लघवीवाटे निघून जाते आणि पाणी अंगात साचते. औषध प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. पहिल्या खेपेला सहा आठवडे रोज आणि पुढे सहा आठवडे दिवसाआड. पुष्कळ मुलांची सूज त्याने उतरते, आणि त्यांतल्या पुष्कळांची पुन्हा चढते. बारक्याची चार वर्षांत सहा वेळा चढली.

तेव्हापासून आमच्या घरी एक प्रयोगशाळा आहे. तिची प्रमुख माझी आई. ती शाळेत गेलेली नाही. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी ती बारक्याची लघवी काचेच्या नळीत घेते आणि डॉक्टरांनी दिलेल्या बाटलीतले सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब त्यात टाकते. नळी स्वच्छ राहिली तर भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत काहीच लिहायचे नाही. तांदळाच्या धुवणासारखी पांढरट झाली तर पेन्सिलीने एक गोल, दह्यासारखी घट्ट झाली तर गोल पूर्ण काळा करायचा. तीन दिवस लागोपाठ काळे गोल आले की दादा एसटी पकडतात. मोठ्या रुग्णालयातल्या एका डॉक्टरीणबाईंनी ते कॅलेंडर पाहिले आणि आपल्या विद्यार्थ्यांना बोलावून दाखवले. आई संकोचून पदराशी चाळा करीत उभी राहिली. मला मात्र त्या दिवशी पदवी मिळाल्यासारखे वाटले.

आता मुद्द्याकडे येते. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. ती बिघडली की माणूस कसा खंगतो याचे वर्णन थॉमस ॲडिसन या इंग्रज डॉक्टराने १८५५ साली केले. ही ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करते. ताप, अपघात, शस्त्रक्रिया असे संकट आले की शरीर तग धरते ते बरेचसे याच्या जोरावर. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये याच्याच जातीचे कॉर्टिसोन हे द्रव्य संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा दिले गेले. १९५० साली त्या शोधाला नोबेल मिळाले, आणि जगाला स्टेरॉइड हे औषध सापडले. बारक्या आज खेळतो आहे तो त्या शोधामुळे, हे मी कधी विसरत नाही.

पण बाहेरून आयते मिळू लागले की घरचे कारखाने बंद पडतात. महिनोन्महिने स्टेरॉइड पोटात गेले की ग्रंथी झोपी जाते. गोळी थांबवली म्हणून ती लगेच जागी होते असे नाही, कधीकधी महिने लागतात. त्या मधल्या काळात मुलाला साधा ताप आला, उलट्या लागल्या, तरी रक्तदाब कोसळून ते दगावू शकते. आमच्याकडे हे कुणाला ठाऊक नसते. गोळ्यांनी तोंड चंद्रासारखे वाटोळे होते, भूक वाढते, उंची खुंटते, एवढे डोळ्यांना दिसते. मग शेजारणी म्हणतात, "कशाला देता ती फुगायची औषधं? टाका बंद करून." सूज उतरली की बंद करण्याचा मोह आईबापांनाही होतो. धोका नेमका तिथे असतो.

म्हणून गोळी पूर्ण बंद करण्यापूर्वी डॉक्टर ग्रंथी जागी झाली आहे का ते तपासतात. तपासणी रक्ताची, आणि तीही सकाळी आठच्या सुमारास. हे आठाचे काय गौडबंगाल आहे ते मला आधी कळले नव्हते. कॉर्टिसॉल दिवसभर सारखे नसते. मध्यरात्री अगदी कमी, पहाटेपासून वाढत जाते आणि जाग येण्याच्या वेळेला भरतीवर असते. भरतीच्या वेळी किती पाणी चढते यावर परीक्षा. दुपारी पाहून उपयोग नाही.

शरीराचे हे घड्याळ आणि एसटीचे घड्याळ यांचे मात्र जमत नाही. आमच्या गावची पहिली गाडी सव्वासहाला सुटते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पोचते पावणेनऊला. तेव्हा आदल्या संध्याकाळी निघायचे, रुग्णालयाच्या व्हरांड्यात चादर अंथरायची आणि पहाटे उठून रांगेत बसायचे. त्या दिवसाची गोळीही रक्त घेईपर्यंत द्यायची नाही, कारण प्रेडनिसोलोनने तपासणीचा आकडा चुकू शकतो. दादांचे दोन दिवसांचे रोज बुडतात, आईचेही. बारक्याची शीर सापडत नाही. मागच्या खेपेला तीनदा टोचावे लागले. तिसऱ्या वेळी तो रडला नाही, भिंतीकडे बघत राहिला. रडला असता तर बरे वाटले असते. आणि एवढे करून उत्तर आले, "काठावर." म्हणजे ग्रंथी धड झोपलेली नाही आणि धड जागीही नाही. तीन महिन्यांनी पुन्हा या. तोवर ताप आला तर वाढीव डोस द्या, उलटीत गोळी पडली तर इंजेक्शन द्या. प्राथमिक आरोग्य केंद्र आमच्यापासून नऊ किलोमीटर आहे.

या पार्श्वभूमीवर इंग्लंडमधल्या शेफील्डची हकीकत माझ्या वाचनात आली. शब्दकोश शेजारी घेऊन मी ती दोनदा वाचली. तिथल्या डॉ. मिगेल डेबोनो, डॉ. शार्लट एल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ग्रंथी मंदावल्याचा संशय असलेल्या माणसांनी घरी, सकाळी जाग आल्याबरोबर, नळीत लाळ घ्यायची आणि ती टपालाने प्रयोगशाळेत पाठवायची. सुई नाही, रांग नाही. रक्तातले मोकळे कॉर्टिसॉल लाळग्रंथीत झिरपते आणि तिथले एक विकर त्याचे कॉर्टिसोन करून टाकते. म्हणून लाळेत कॉर्टिसोनच जास्त असते आणि तेच मोजायचे. ग्रंथी शाबूत आहे की नाही हे त्यावरून बहुतेकांच्या बाबतीत ओळखता आले. उरलेल्या काठावरच्यांनाच रुग्णालयातली इंजेक्शनची मोठी चाचणी करावी लागेल.

माझ्या उत्साहावर मीच थोडे पाणी टाकते. तो अभ्यास मोठ्या माणसांवर होता, आणि मुलांचे आकडे मुलांवरूनच ठरवावे लागतात. डॉ. एल्डर स्वतः मुलांच्या डॉक्टर आहेत. मोठी चाचणीही सुईशिवाय व्हावी, औषधाचा फवारा नाकात मारावा आणि उत्तर लाळेत पाहावे, असा त्यांचा प्रयत्न आहे. शिवाय कॉर्टिसोन नेमके मोजायला मास स्पेक्ट्रोमेट्रीचे महागडे यंत्र लागते, ते तालुक्याच्या पॅथॉलॉजीत नसते. हिरडीतून रक्त येत असेल किंवा तोंडात खाल्लेले असेल तर नमुना बिघडतो. हे सगळे मान्य. पण क्षयासाठी डबीत थुंकी द्यायला आमचे गाव केव्हाच शिकले आहे. तीच डबी घेऊन आशाताई दारात येते, तेव्हा कुणी नाक मुरडत नाही. नळी गावात पोचवणे अवघड नाही. अवघड आहे ते पलीकडच्या टोकाला यंत्र उभे करणे, आणि ते काम बारक्याच्या आईचे नव्हे.

सुईच्या दुखण्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे खरेच आहे. मला मात्र व्हरांड्यातली रात्र जास्त खुपते. तपासणी रुग्णालयाच्या दारात होते म्हणून गावातली कितीतरी मुले तपासणीविनाच गोळ्या सोडतात. श्रीमंताच्या मुलाला लाळेने एक टोचणे वाचेल. आमच्यासारख्यांच्या मुलाला कदाचित तपासणीच मिळेल. दोन्हींना एकच शब्द वापरणे मला पटत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे सगळे घरी सांगितले. बारक्याने एवढेच विचारले, "ताई, नुसतं थुकायचं? मग मी पहिला नंबर काढीन." आजी म्हणाली, "काय तरी सांगतीस, थुकीत कुठं आजार दिसतुया व्हय?" दादा काही बोलले नाहीत. आई भांडी घासत होती. तिने हात थांबवला आणि विचारले, "नळी पोष्टानं जाती म्हणालीस न्हवं? न्हाई, आपल्याकडं पोष्टमन मंगळवारी आन् शुक्रवारीच येतुया. मग लाळ सोमवारी घ्यायची का त्याच दिवशी सकाळी?"