एका छताखालचे आवाज

आम्ही दोघी बहिणी. थोरली जुन्नर तालुक्यात एका पतसंस्थेत नोकरीला, धाकटी आंबेगाव तालुक्यात मंचरला, दूध संकलनाचे हिशेब ठेवणाऱ्या एका कचेरीत. दोन्ही कचेऱ्यांचा साचा एकच. तीन गाळे घ्यायचे, मधल्या भिंती पाडायच्या, खाली गुळगुळीत फरशी, पुढे काच आणि आत पंधरा-वीस टेबलं. भिंती नसल्या की भाडं वाचतं, साहेबांची नजर सगळ्यांवर राहते आणि माणसं एकमेकांत मिसळतात, असं सांगतात. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी तितकीशी नाही. हार्वर्डच्या दोन अभ्यासकांनी दोन मोठ्या कंपन्यांत हे मोजून पाहिलं आणि २०१८ साली प्रसिद्ध केलं. भिंती काढल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि लोक एकमेकांना ई-मेल पाठवू लागले. आमच्याकडे ई-मेलची सवय कमी. आमच्याकडे बोलणंच वाढलं.

रविवारी अम्मीकडे भेटलो की आमची पहिली तक्रार डोकं दुखण्याची. अम्मी म्हणते, "बेटा, आवाजाची सवय करून घ्यावी माणसानं." ती जुन्नरची. कागदी मोहल्ल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेली. जुन्नरचा कागद एके काळी मराठी दफ्तरांत चालायचा आणि तो बनवणारे कागदी मुसलमान होते. चिंध्या, जुनं ताग भिजवायचं, चुना घालायचा आणि पायानं चालवायच्या ढेगीखाली कुटून त्याचा लगदा करायचा. ठक्, ठक्, दिवसभर. अम्मीच्या नानीकडून आलेली गोष्ट अशी की मोहल्ल्यातली तान्ही मुलं त्या ठोक्यांत शांत झोपायची आणि ढेगी थांबली की रडत उठायची.

अम्मीचं म्हणणं खोटं नाही. पण ढेगी काही बोलत नव्हती. आमचा त्रास बोलण्याचा आहे. पतसंस्थेत नोटा मोजायचं यंत्र फडफडतं, छपाईयंत्र किरकिरतं, छताचा पंखा घरघरतो. त्यानं कुणाची बेरीज अडत नाही. मात्र शेजारच्या टेबलावर कुणी हळू आवाजात कुणाच्या लग्नाची बोलणी सांगू लागलं की कान तिकडे वळतो. मंचरला तर दिवसभर आकडेच बोलले जातात. कुणी फोनवर सांगतं, "फॅट तीन-पाच, एसएनएफ आठ-पाच." त्याच वेळी धाकटी दुसऱ्या गावाचे चार-एक, आठ-सात टिपत असते आणि तिचं बोट मध्येच थबकतं. मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकापासून प्रयोग करून हेच दाखवलं आहे. आकडे लक्षात ठेवताना कानावर पडणारं बोलणं, आपल्या कामाचं नसलं तरी, स्मरणात घुसतं. आवाज फार मोठा असावा लागत नाही.

घरच्या फोनवरून आम्हाला हे अधिक नीट कळलं. थोरलीच्या कचेरीत आणखी एक मुसलमान मुलगा आहे. त्याच्या घरून फोन आला की तो दखनीत बोलतो. इतरांच्या माना खालीच राहतात. त्यांच्या लेखी ती नुसती कुजबूज. थोरलीची लेखणी मात्र थांबते, कारण तिला शब्दन् शब्द कळतो. पश्चिम भागातल्या गावांतून येणारी एक सहकारी आपल्या आईशी तिकडच्या बोलीत बोलते, तेव्हा तिच्याच गावचा शिपाई तेवढा हसतो. वाचायचं-लिहायचं काम असलं की कळणारा शब्द न कळणाऱ्या शब्दापेक्षा जास्त छळतो.

मदरशात हिफ्ज करणारी मुलं पाहिलेल्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असेल. वीस-पंचवीस मुलं एका खोलीत, प्रत्येकाचा सबक वेगळा, सगळी मोठ्यानं पढतात आणि तरी पाठ करतात. असं कसं होतं? एक तर प्रत्येकाचा स्वतःचा आवाज स्वतःच्या कानाशी असतो. दुसरं म्हणजे वीस आवाज एकमेकांत मिसळले की त्यातला एकही शब्द सुटा ऐकू येत नाही. एकटा बोलणारा जास्त त्रास देतो, गजबज कमी. आमच्या कचेऱ्यांत माणसं ना एकदम बोलतात, ना एकदम गप्प बसतात.

आणि आवाज चढत जातो. एत्येन लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १९११ साली नोंदवलं की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवून बोलतो. एकानं चढवला की शेजारचा चढवतो. ओतूरच्या किंवा नारायणगावच्या बाजारात कांदा-टोमॅटोचा लिलाव पाहावा, म्हणजे लोम्बार वाचायची गरज नाही.

इथवरचं सगळं डोकेदुखीचं झालं. खरं दुखणं त्यापुढचं आहे. पतसंस्थेच्या खिडकीवर एक बाई आपल्या थकबाकीची चौकशी करायला आली. नवरा वारलेला, कर्ज त्याच्या नावावरचं. गोंगाटात तिला ऐकू येईना म्हणून खिडकीवरच्या माणसानं आवाज चढवला. तेवढ्यात कसं कोण जाणे, हॉल एकाएकी शांत झाला आणि तिची थकलेली रक्कम, किती हप्ते चुकले, जामीनदार कोण, सगळं त्या शांततेत घुमलं. रांगेत तिच्याच गावची चार माणसं उभी होती. बाईनं पदर डोक्यावर पुढे ओढला आणि निघून गेली. पुढे हप्ते भरायला तिचा शाळकरी मुलगा येऊ लागला. मोकळ्या हॉलमध्ये काम करणाऱ्याला शांतता मिळत नाही आणि काम घेऊन येणाऱ्याला आडोसा मिळत नाही. दुसरी गोष्ट आम्हाला पहिलीपेक्षा मोठी वाटते.

अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस आहे. पैगंबर मशिदीत एतिकाफला बसले असताना लोक मोठ्यानं कुरआन पढत होते. त्यांनी पडदा बाजूला केला आणि सांगितलं की तुमच्यातला प्रत्येक जण आपल्या रबशी हितगुज करतो आहे, तेव्हा एकमेकांना त्रास देऊ नका, एकानं दुसऱ्याच्या वर आवाज चढवू नका. पढणं वाईट, असं ते म्हणाले नाहीत. जे कुरआनाच्या पठणाला लागू, ते थकबाकीच्या रकमेला का लागू नसावं?

आमच्या भागात याचा एक फार मोठा दाखला उभा आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभारली. ही जागा निवडताना एक कारण होतं की इथे माणसांच्या रेडिओ लहरींचा गोंगाट कमी. अतिदूरच्या दीर्घिकांकडून येणारा क्षीण संदेश ती ऐकते. तिला ढगांचा त्रास नाही, दिवसाच्या उजेडाचा नाही. तिला त्रास मोबाइलचा, विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा, म्हणजे ज्या लहरींत ती ऐकते त्याच लहरींत बोलणाऱ्यांचा. आमच्यासारखाच. आणि तबकडीनं कितीही कान टवकारले तरी भागत नाही. भोवतीच्या माणसांना आवरतं घ्यावं लागतं. पुणे-नाशिक रेल्वेच्या आखलेल्या मार्गाचाही याच कारणानं फेरविचार करावा लागला.

म्हणून कानात बोळे घालण्याचा सल्ला आम्ही मनावर घेतला नाही. खिडकीवर बसणाऱ्यानं कान बंद केले तर गिऱ्हाइकाचं ऐकायचं कुणी? आम्ही आपापल्या साहेबांकडे गेलो. मंचरला दुपारी तीन ते चार हा ताळमेळाचा तास ठरला. त्या तासात आकडे तोंडी सांगायचे नाहीत, चिठ्ठीवर द्यायचे. फोन जिन्यात जाऊन घ्यायचा. पतसंस्थेत फाइलींची कपाटं भिंतीपासून हलवून टेबलांच्या मध्ये आणली. कागदाचे गठ्ठे आवाज पितात. काचेला जाड पडदे लावले, त्यानं घुमणं कमी झालं. थकबाकीचं बोलणं मागच्या स्टेशनरीच्या खोलीत, दोन खुर्च्या टाकून. रक्कम बोलायची नाही, कागदावर लिहून समोर सरकवायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तिथे जवळ बसवून सांगायची. खर्च झाला तो फक्त पडद्यांचा.

सगळं मिटलं असं नाही. मोबाइलवर मोठ्यानं व्हिडिओ लावून रांगेत उभे राहणारे आहेतच. त्यांना "बंद करा" म्हटलं की भांडण होतं. थोरली आता त्यांचं काम करताना मुद्दाम अगदी हळू बोलते. समोरचा म्हणतो, "काय म्हणालात, ताई?" आणि ऐकू यावं म्हणून स्वतःच मोबाइल बंद करतो. दहांतले सहा-सात तरी करतात.